भिंतीतील वीज आणि तिचे कवच



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते त्यांनी आपली उमेदीची सारी वर्षे औद्योगिक शाळेतील मुलांना हातची विद्या शिकविण्यात वेचली, आणि म्हणूनच, ज्या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय आणि समाजकारण यांचे विवेचन होत असते त्याच व्यासपीठावरून घरातील विजेच्या तारांवरील आवरणासारखा, वरकरणी रुक्ष भासणारा, विषय मांडताना मला संकोच वाटत नाही. घर बांधणारा गृहस्थ फरशीचा रंग दहादा पारखतो, दारांच्या लाकडाची जात विचारतो, दिव्यांची बटणे कोणत्या घडणीची असावीत यावर घरच्यांशी खल करतो. परंतु भिंतीच्या पोटात पुढील तीस-चाळीस वर्षे जे राहावयाचे आहे आणि ज्याच्या भरवशावर घरातील माणसे रात्री निश्चिंत झोपणार आहेत, त्या तारेवर आवरण कोणते आहे आणि ते त्या जागेस योग्य आहे काय, हे विचारणारा गृहस्थ विरळा. तार तांब्याची आहे ना, एवढी खातरजमा करून तो स्वस्थ होतो. माझे आजचे प्रतिपादन असे की, तांब्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तारेच्या निवडीत खरी विचक्षणा लागते ती कवचाच्या बाबतीत, आणि कवच हे नेहमी जागा पाहून ठरवावयाचे असते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तारेवर दोन आवरणे संभवतात आणि त्यांची कामे भिन्न आहेत. वाहकाला लगटून असते ते रोधक आवरण. विजेला तिच्या मार्गातच ठेवणे हे त्याचे काम. अशा दोन-तीन रोधित तारा एकत्र घेऊन त्या सर्वांवर जे दुसरे आवरण चढवितात ते कवच. ओल, ऊन, घर्षण, खिळ्याचा घाव, चुन्याचा क्षार, उंदराचा दात आणि माणसाची बेफिकिरी यांना आतल्या रोधक आवरणापर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम. कोकणातल्या श्रोत्यांना हे नारळावरून चटकन उमजेल: खोबऱ्याचे रक्षण करवंटी करते, परंतु उंच माडावरून पडताना आणि खाऱ्या पाण्यातून वाहत जाताना त्या करवंटीचेच रक्षण करावयास वरचे सोडण लागते. बाजारात जिला सरसकट ‘वायर’ म्हणून वेटोळ्यात विकतात तिच्यावर बहुधा पहिलेच आवरण असते, आणि दुसऱ्याची तजवीज घेणाऱ्याने स्वतः करावी असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत पुष्कळांना ठाऊक नसते, आणि आपल्याकडील कित्येक अपघातांचे मूळ तेथेच आहे.

आता या कवचाचा पूर्वेतिहास पाहू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले, परंतु ते लावणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. विजेचा टिकाऊ अंमल सुरू झाला तो १९०५ साली मुंबईत वीजपुरवठा आणि ट्रामगाड्यांची कंपनी स्थापन झाल्यावर. पुढे १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र चालू झाले आणि घाटमाथ्यावरच्या पावसाची वीज गिरण्यांपर्यंत आली. घरांत जी वीज प्रथम आली ती लाकडी पट्ट्यांतून. सागवानी पट्टीत दोन समांतर खोबणी कोरलेल्या असत, एकीतून जाणारी तार आणि दुसरीतून परतणारी, आणि वरून पातळ झाकणपट्टी स्क्रूने बसविलेली असे. हीच ती ‘केसिंग-कॅपिंग’ची पद्धत, आणि पुण्याच्या कित्येक जुन्या वाड्यांच्या तुळयांना लगटून गेलेल्या त्या पट्ट्या आजही पाहावयास सापडतात. तारेवर गंधकाने पक्व केलेले रबर, त्यावर फीत, त्यावर सुती विणीचे वेष्टन आणि त्या विणीला ओल लागू नये म्हणून मेणचट रोगण, अशी रचना असे. त्या काळच्या तांब्यावर कथिलाचा मुलामा दिसतो. पुष्कळांना तो शोभेचा वाटतो. वस्तुतः रबरातील गंधक उघड्या तांब्याला खाऊन टाकते, म्हणून मध्ये कथिलाचा पडदा घालावा लागे. त्या कारागिरांनी केवढा सूक्ष्म विचार केला होता याची ही साक्ष आहे, आणि ती साक्ष मला फार मोलाची वाटते.

या पद्धतीत कवच होते ते लाकडाचे, आणि लाकूड जितके कोरडे तितकेच ते कवच. पावसाळ्यात भिंत ओलावली की लाकूड पाणी पिते, दोन खोबणींमधला पडदा ओला होतो, विजेला चोरवाट सापडते आणि जळणारे द्रव्य तर पट्टीच्या रूपाने तेथे हजरच असते. शिवाय रबर हे कालांतराने प्राणवायूशी संयोग पावून कडक होते, आणि दिव्याच्या उष्णतेने ती क्रिया शीघ्र होते. जुन्या वाड्यांची दुरुस्ती चालली असता तारेला नुसता हात लावताच तिचे रबर भुग्यासारखे गळून पडताना आणि आतले कथिलाचे तांबे चकचकीत उघडे पडताना मी पाहिले आहे. तार चालू होती, दिवा लागत होता, आणि घरातल्यांना कसलीच शंका आली नव्हती. ओलीला उत्तर म्हणून रबरी तारांवर शिशाचे अखंड कवच चढविण्याचाही एक प्रघात पडला. शिसे पाण्याला दाद देत नाही हे खरे. परंतु ते जड, मऊ, एकदा वाकविले की सुरकुतणारे, ओल्या चुन्या-सिमेंटच्या क्षाराने झिजणारे, आणि स्वतः धातू असल्यामुळे प्रत्येक सांध्यावर काळजीपूर्वक जोडून जमिनीशी बांधावे लागणारे. सांधा सुटला तर रक्षणासाठी घातलेले कवचच विजेने भारले जावयाचे. घरगुती कामातून ते मागे पडले याचे मला नवल वाटत नाही.

यानंतर आले ते चिवट रबराचे कवच, आणि त्याच्याविषयी मी थोडे विस्ताराने बोलणार आहे, कारण आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांचा एक अख्खा कालखंड त्याने व्यापला आहे. घोडागाडीच्या चाकांवर ज्या जातीचे रबर बसवीत, त्या जातीचे घट्ट आणि झिजेला न जुमानणारे मिश्रण आतल्या रोधित तारांवर एकसंध ओतून ही केबल इंग्लंडात तयार झाली आणि ‘टीआरएस’ (टफ रबर शीथ्ड) या आद्याक्षरांनी आपल्या तारतंत्र्यांच्या तोंडी रुळली. तिला झाकण लागत नव्हते. सागवानी पट्टी भिंतीला ठोकावयाची, तिच्यावर कथिलाचा मुलामा दिलेल्या पितळी क्लिपा चुकांनी बसवावयाच्या, आणि त्या क्लिपांच्या कवेत केबल सरळ रेषेत धरून ठेवावयाची: हीच ‘बॅटन वायरिंग’. भारतीय मानकाच्या संहितेत या क्लिपांचे अंतर आडव्या मार्गात १० सेंटिमीटर आणि उभ्या मार्गात १५ सेंटिमीटर सांगितले आहे, आणि वळणावर केबल काटकोनात न मोडता तिच्या व्यासाच्या निदान सहापट त्रिज्येने वळवावी असा दंडक आहे. भिंतीतून पलीकडे जाताना तिला नळीचे संरक्षण द्यावयाचे, जमिनीलगतच्या भागात धक्क्यापासून जपावयाचे, गिलाव्यात थेट गाडावयाचे नाही, उघड्या उन्हापावसात सोडावयाचे नाही. प्रत्येक नियमामागे त्या कवचाच्या एकेका दौर्बल्याची जाणीव आहे. या पद्धतीचा जो गुण मला सर्वाधिक आदरणीय वाटतो तो असा की, तिच्यात लपवाछपवीला जागाच नव्हती. केबल कोठून आली, कोठे गेली, कोठे तिला तडा गेला, हे घरातील शाळकरी मुलालाही दिसत असे. आणि कारागिराच्या हाताची सरळ रेषा किंवा तिरपागडेपणा हा दिवाणखान्याच्या भिंतीवर कायमचा नोंदला जाई. आजच्या अभिरुचीला ती पट्टी कुरूप वाटते, पण तपासणीच्या दृष्टीने तिच्याइतकी प्रामाणिक पद्धत पुन्हा आपल्या घरांत आली नाही असे माझे मत आहे.

रबराची जागा घेणारा पदार्थ रसायनशाळेत आधीच सिद्ध झाला होता. पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजेच आपले पीव्हीसी, हे स्वभावतः कठीण आणि ठिसूळ; परंतु अमेरिकेतील वाल्डो सीमन यांनी १९२६ च्या सुमारास त्यात विशिष्ट तैलद्रव्ये मिसळून ते मऊ करण्याची कृती शोधली. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया जपानच्या हाती पडला, दोस्त राष्ट्रांचा रबराचा पुरवठा तुटला, आणि तारांच्या कारखानदारांना पीव्हीसीकडे वळणे भाग पडले. गरजेपोटी आलेला हा पाहुणा घरचाच झाला, कारण त्याचे गुण खरोखर मोठे होते: प्राणवायूने ते रबरासारखे कडक होत नाही, गंधक नसल्यामुळे तांब्याला कथिल लागत नाही, हवा तो रंग देता येतो, आणि ज्वाळा दूर नेली की ते आपणहून विझते. त्याचे दोषही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ७० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात वाहक सतत राहिल्यास ते मऊ पडून हळूहळू निकामी होते. आणि ज्या तैलद्रव्याने त्याला मऊपणा आला तेच द्रव्य थर्माकोलच्या दीर्घ सान्निध्यात बाहेर ओढले जाऊन कवच ताठर बनते. गच्चीखाली उष्णतारोधनासाठी थर्माकोलचे तक्ते घालून त्यांना चिकटून तारा नेण्याचा जो प्रकार अलीकडे दिसतो तो यासाठीच वर्ज्य समजावा.

येथून पुढे निरनिराळ्या देशांचे मार्ग निराळे झाले, आणि त्याचे कारण विजेत नसून बांधकामात आहे. अमेरिकेतील सामान्य घर लाकडी खांबांच्या सांगाड्याचे. त्या सांगाड्याला भोके पाडून कवचाची केबल ओवावयाची, बाजूला आकड्यांनी ठोकावयाची आणि वरून तक्ते लावावयाचे, हे तेथे सोयीचे. न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावच्या तारकारखान्याने १९२२ साली काढलेली आणि ‘रोमेक्स’ या नावाने प्रसिद्ध झालेली केबल याच कामाची. आरंभी तिचे कवच डांबरी मिश्रणात भिजविलेल्या सुती विणीचे होते, पुढे ते प्लास्टिकचे झाले, आणि या शतकाच्या आरंभापासून जाडी दुरून ओळखू यावी म्हणून त्या कवचालाच रंग देऊ लागले: लहान मापाला पांढरा, त्यावरच्याला पिवळा, त्याहून मोठ्याला नारिंगी. इंग्लंडात विटांच्या भिंतीवर चपटी करडी केबल ठोकून तिच्यावरून गिलावा करण्याची चाल आहे. तिच्यात दोन रोधित तारा आणि त्यांच्यामध्ये एक उघडी भूतार, म्हणजे ‘अर्थ वायर’, एकाच कवचात असतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारांसोबत दीड चौरस मिलिमीटरची भूतार, असे ते प्रमाण. आपल्या जुन्या बॅटन पद्धतीत भूतार अनेकदा पट्टीलगत निराळी नेत आणि दुरुस्तीच्या वेळी ती प्रथम तुटे; एकाच कवचात तिला कायमचे स्थान देण्याची ही इंग्रजी रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. गिलाव्यातली केबल दिसत नाही, म्हणून ती बटणाच्या किंवा प्लगच्या सरळ उभ्या वा आडव्या रेषेतच न्यावी असा तेथे निर्बंध आहे. भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला तेवढी रेषा टाळली की पुरते.

आपण मात्र नळीचा मार्ग पत्करला. काँक्रीटचा स्लॅब ओतण्यापूर्वीच त्याच्या सळयांत पीव्हीसीच्या नळ्या बांधून ठेवावयाच्या, विटांच्या भिंतीत खाचा पाडून नळ्या गाडावयाच्या, आणि मागाहून त्यांतून सुट्या, केवळ रोधक आवरणाच्या, तारा ओढावयाच्या. या पद्धतीत नळी हेच सर्व तारांचे सामाईक कवच आहे, आणि तार बिघडली तर भिंत न फोडता ती ओढून बदलता येते, हा तिचा फार मोठा लाभ आहे. मी या पद्धतीचा विरोधक नाही. माझा आक्षेप आहे तो नळी जेथे संपते तेथून पुढच्या कारभारावर. छताखाली शोभेचे दुसरे छत करतात, त्या दोहोंमधल्या पोकळीत नळीचे तोंड उघडे सोडतात, आणि तेथून दहा-दहा दिव्यांकडे सुट्या तारा लोखंडी चौकटीच्या धारदार पट्ट्यांवरून, सांध्यांना नुसती चिकटपट्टी गुंडाळून, मोकळ्या नेतात. त्या तारांना कवच नाही आणि नळीही नाही. धूळ, उष्णता आणि उंदीर यांच्या स्वाधीन केलेले ते काम पुन्हा कोणाच्या नजरेस पडावयाचे नाही. असल्या पोकळीत एकतर नळी दिव्याच्या पेटीपर्यंत अखंड न्यावी किंवा कवचाची गोल अथवा चपटी केबल वापरावी. तिसरा मार्ग कायदेशीर नाही आणि सुरक्षितही नाही. उत्सवाच्या मंडपात बांबूंना गुंडाळलेल्या पिळाच्या तारांविषयीही माझे म्हणणे हेच आहे. भर भाद्रपदातल्या पावसात, लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर, एकेरी आवरणाची तार टांगणे हा कसूर समजला पाहिजे.

खांबावरून घरापर्यंत येणारी ‘सर्व्हिस वायर’ हे आपल्याकडे कवचाच्या केबलचे सर्वांत परिचित उदाहरण. अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन तारा, प्रत्येकीवर रोधक आवरण आणि दोहोंवर मिळून काळे कवच. जस्ताच्या मुलाम्याच्या तारेला ती टांगलेली असते. ते काळेपण काजळीचे, आणि सूर्यप्रकाशातील जे किरण प्लास्टिकच्या रेणूंची साखळी तोडतात ते शोषून घेण्याचे काम ही काजळी करते. पांढरी घरगुती केबल उन्हात टांगली तर काही वर्षांतच तिला चिरा पडतात, आणि मग पावसाचे पाणी थेट आत शिरते. विहिरीत व विंधणविहिरीत सोडलेल्या पंपाची चपटी तीनपदरी केबलही याच कुळातली. तिला उन्हाऐवजी पाण्याशी सामना करावयाचा असतो.

कवचाविषयीच्या चर्चेत उष्णतेचा विसर पडतो, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. दहा मीटर दूरच्या उपकरणाला जाऊन-येऊन वीस मीटर तार लागते, म्हणजे रोध पाव ओहमाच्या किंचित आत. तिच्यातून १० अँपिअर प्रवाह गेला तर वाटेतच सुमारे २४ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह २० अँपिअर झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट, म्हणजे ९७ वॅटच्या घरात, जाते. ही उष्णता भिंतीच्या आत, आवरणांतून वाट काढीत बाहेर पडावयाची असते, आणि एका नळीत आठ-दहा तारा कोंबल्या तर तिला वाटच उरत नाही. त्यात आपली हवा. इंग्लंडचे वहनक्षमतेचे तक्ते भोवतालचे तापमान ३० अंश धरून केलेले आहेत, तर आपल्या मानकाने ४० अंश धरले आहे. पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांचीच असल्यामुळे तेवढ्या फरकाने त्याच तारेची वहनक्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी घटते. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे गच्चीखालच्या स्लॅबमधील तारेची अवस्था काय होत असेल याची यावरून कल्पना करावी, आणि विलायती पुस्तकातले आकडे तेथे जसेच्या तसे लागू करण्याचा मोह आवरावा. जेथे उष्णता अटळ आहे तेथे ९० अंश सोसणारे, रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या पॉलिथिनचे रोधन घ्यावे.

आगीच्या वेळी मात्र पीव्हीसीचा दुसरा चेहरा दिसतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो; त्यामुळेच ते सहज पेट घेत नाही, आणि त्याच कारणाने, पेटल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची झोंबणारी वाफ आणि काळाकुट्ट धूर निघतो. जिन्यातली वाट दिसेनाशी होते आणि डोळे उघडवत नाहीत. आगीत माणसे ज्वाळेपेक्षा धुराने अधिक दगावतात हे अग्निशामक दलाच्या प्रत्येक जवानाला ठाऊक आहे. यावर तोड म्हणून प्रथम ‘एफआरएलएस’ म्हणजे ज्वाळेला अडविणारे व कमी धुराचे पीव्हीसी आले, ज्यात आम्लवायूचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे. आणि त्यानंतर क्लोरीन मुळीच नसलेली कवचे आली, ज्यांत अ‍ॅल्युमिनिअमचे हायड्रॉक्साइड मिसळलेले असते. तापल्यावर ते द्रव्य विघटन पावून पाण्याची वाफ सोडते आणि ज्वाळेला थंड करते. रुग्णालय, नाट्यगृह, शाळा, भुयारी स्थानक आणि उंच इमारतीचा जिना या जागी क्लोरीनविरहित कवचाखेरीज दुसरे काही मंजूर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. किमतीतला फरक एकूण बांधकाम खर्चात नगण्य असतो. आणि जेथे आग लागल्यावरही तार चालू राहिलीच पाहिजे, उदाहरणार्थ धोक्याची घंटा किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवरचे दिवे, तेथे मॅग्नेशिअम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेल्या तांब्याच्या नळीची केबल आहे. तिच्यात जळण्यासारखे काहीच नाही. तांबे वितळावयास १,०८० अंशांहून अधिक तापमान लागते. तिची एकच गोष्ट नाजूक: ती भुकटी हवेतली ओल ओढून घेते, म्हणून प्रत्येक टोक निगुतीने मोहोरबंद करावे लागते.

शेवटी कारागिराच्या हाताकडे वळतो, कारण उत्तम केबलही अखेरच्या दोन इंचांत वाया जाते. कवच सोलताना सुरीने गोल काप जोरात घेतला की पाते आतल्या रोधक आवरणाला लागते. जखम दिसत नाही, पण त्या जागी तार वाकते आणि पाच-सात वर्षांनी तेथेच तडा जातो. कवच लांबीच्या दिशेने, दोन तारांमधल्या जागेत उभे चिरून मागे सोलावे, ही जुन्या तारतंत्र्यांची रीत अजून तितकीच खरी आहे. दुसरे असे की, कवच पेटीच्या आत शिरल्यावरच सोलावे. पेटीबाहेर अर्धा इंच जरी आतल्या तारा उघड्या राहिल्या तरी कवचाची साखळी तेथे तुटली. पत्र्याच्या पेटीच्या भोकाला रबरी कडे बसविल्याशिवाय केबल आत घेऊ नये. काम पुरे झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगर या रोधमापकाने रोधन तपासावयाचे, आणि ५० या संख्येस मंडलातील बिंदूंच्या (दिवे, पंखे, प्लग यांच्या) संख्येने भागून येईल तितके मेगओहम तरी आले पाहिजेत, हा आपल्या संहितेतील सुलभ नियम; पंचवीस बिंदू असतील तर दोन, मात्र संपूर्ण घराच्या मांडणीला मिळून एकाहून अधिकाची सक्ती नाही. ही तपासणी परवानाधारक तारतंत्र्याने मालकाच्या समक्ष करावी आणि आलेले आकडे दाखल्यावर लिहावेत. त्याच दाखल्याला घराचा एक नकाशा जोडावा: कोणत्या भिंतीतून कोणत्या उंचीवर नळी गेली, कोणत्या पोकळीत कवचाची केबल आहे, तिचे माप काय, रोधन व कवच कोणत्या जातीचे, आणि ती कोणत्या साली घातली. तो नकाशा मीटरच्या पेटीत ठेवावा आणि घर विकले तर कागदपत्रांबरोबर नव्या मालकाच्या हवाली करावा.